दोन प्रिंटर आणि नानांचं नाव

मला नानांनी सावरलं, हे सगळ्यात आधी लिहून टाकते. नाहीतर प्रिंटर, वायरी आणि पत्रिका यांतच मी अडकून पडेन आणि ज्यांच्यासाठी लिहायला बसले ते मागेच राहतील. नाना माझे कोणी नव्हेत. ना माहेरचे, ना सासरचे. जळगावात आमच्या समोरच्या घरात जे भाऊ राहतात, त्यांचे ते थोरले चुलतभाऊ. रावेरकडच्या एका गावात त्यांचा केळीचा मळा आहे. मी त्यांना भेटले असेन ते मोजकंच, पण पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्यांनाही जमलं नसतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या माणसाचं नाव एकदा माझ्या हातून कागदावरून गळालं, ते त्याला न विचारता पुन्हा कागदावर घालायची मला अजून भीती वाटते.

माझं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. आठवीत शाळा सुटली. कोणी सोडवली असं नाही. आई आजारी पडली, धाकट्या भावंडांसाठी म्हणून मी घरी राहिले, आणि आई बरी झाल्यावर परत शाळेत जायची गोष्ट कोणी काढली नाही. मीही नाही काढली. मग लग्न होऊन जळगावला आले. नकाशात पाहिलं तर हे अंतर बोटभरही नाही. पण धुळ्याला गाडी बदलावी लागायची, आणि स्टँडवर जळगावची गाडी लागेपर्यंत पिशवीवर बसून राहताना मला दर वेळी वाटायचं की आपण आता खरोखर लांब चाललो. बोलणंसुद्धा वाटेत बदलावं लागायचं. एरंडोलपर्यंत अहिराणीतला ‘शे’ म्हटला तर चालून जायचं. जळगावात शिरलं की तो ‘शे’ गिळून ‘आहे’ काढायचा. सासरी कोणी हसलं नाही कधी तोंडावर, पण मी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा घोळवून घ्यायची. सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे ‘हो’. त्याला ना बोली लागत, ना शिक्षण.

कॉम्प्युटर आमच्या घरात आला तो दिरांचा. त्यांनी क्लास केला, हौसेनं मशीन घेतलं, आणि वर्षाच्या आत त्यांना नाशिकला नोकरी लागली. कॉम्प्युटर पुढच्या खोलीतच राहिला. सोबत एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. दिवाळीत सुट्टीला आले तेव्हा त्यांनी मला मराठी टायपिंग शिकवलं. गंमत म्हणून शिकवलं, मी मात्र गंमत म्हणून शिकले नाही. दुपारी सगळं आवरलं की जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर काढायचं आणि बसायचं. पुढे आमचे हे ज्या डाळमिलमध्ये होते तिथली बिलं मी घरी छापून द्यायला लागले. मग एका केळी ग्रुपच्या पट्ट्या आल्या, शेतकऱ्याला त्याच्या मालाचा हिशेब देणाऱ्या. डॉट मॅट्रिक्स ठोकून छापतो, त्यामुळे खाली कार्बन लावला की तीन-तीन प्रती निघतात. बिलाला तोच लागतो. आवाज मात्र असा की सासूबाईंनी त्याचं नाव ‘करकऱ्या’ ठेवलं. “झाला का गं तुझा करकऱ्या गप? जरा डोळा लागू दे,” म्हणायच्या.

मशीन घरी ठेवायला आमचे हे नाही म्हणत नव्हते, हो पण म्हणत नव्हते. “आखाजीपर्यंत पाहू,” म्हणाले. “जमलं तर ठेवू. नाहीतर नाशिकला पाठवून देऊ, त्याची वस्तू त्याला.” आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात. मी त्या वर्षी आखाजी म्हटली की झोक्याऐवजी ट्रकच्या मागे बांधलेला कॉम्प्युटर पाहायची. तो गेला असता तर माझ्यावर आभाळ कोसळणार नव्हतं, पोळ्या तशाच लाटल्या असत्या. पण दुपारचे ते तास गेले असते. त्या तासांत मी कोणाची सून नव्हते, साक्रीकडची नव्हते, आठवी पास-नापास काही नव्हते. माणसं कागद घेऊन दारात यायची आणि “वहिनी, एवढं करून द्या” म्हणायची.

बिलांना करकऱ्या ठीक होता, पण लोक आता अर्ज आणायचे, प्रश्नपत्रिका आणायचे, पत्रिकांचा मजकूर आणायचे. करकऱ्याची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची. तेव्हा दिरांनी नाशिकहून एक वापरलेला शाईचा प्रिंटर पाठवला, सोबत तो चालू करायच्या फ्लॉप्या, आणि एक डबी. कॉम्प्युटरच्या पाठीला प्रिंटरची जागा एकच होती, म्हणून दोन्ही वायरी त्या डबीत लावायच्या आणि डबीचं बटण फिरवायचं. ‘ए’वर केलं की करकऱ्या, ‘बी’वर केलं की शाईवाला. नुसती वायर लावून भागत नाही हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक प्रिंटरची बोली निराळी असते, आणि कॉम्प्युटरला ती बोली आधी शिकवावी लागते. फ्लॉपीत तो दुभाषी असतो. मला हे लगेच पटलं. मी स्वतःच त्या घरात दुभाष्याशिवाय आलेली होते.

आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन मी दिरांकडून सगळी रीत ऐकली आणि किराणा विसरू नये म्हणून पोरं घोकतात तशी घोकत घरी आले. स्टार्ट, मग सेटिंग, मग प्रिंटर, मग ॲड प्रिंटर. वाटेत ओळखीची एक बाई भेटली, तिनं “काय म्हणतेस?” विचारलं, तर माझ्या तोंडून “सेटिंग” निघालं. घरी येऊन एकेक फ्लॉपी घातली. मध्ये मध्ये कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी विचारायचा आणि खाली दोन चौकटी, एक ‘यस’, एक ‘नो’. मला अक्षरं लागत होती, पण सगळं वाक्य लागायचं नाही. मी दर वेळी ‘यस’. शेवटी शाईवाल्यानं चाचणीचा कागद बाहेर काढला तेव्हा मी सासूबाईंना झोपेतून उठवून दाखवला. त्या म्हणाल्या, “हा बरा आहे. मुका आहे.”

दोन प्रिंटर सांभाळणं म्हणजे एका चुलीवर दोन भाज्या. डबी ‘बी’वर असताना चुकून बिल करकऱ्याच्या नावानं सोडलं की शाईवाला वेड्यासारखं करायचा. एकेका कोऱ्या पानावर भलतीच अक्षरं, अर्धी ओळ, की पान बाहेर. पुन्हा दुसरं पान. मी घाबरून बटणच बंद करायची. हळूहळू हाताला सवय झाली. आधी डबी पाहायची, मग पडद्यावर प्रिंटरचं नाव पाहायचं, मग छापायचं. आता यापुढे चूक नाही, असं मला वाटायला लागलं, आणि तेव्हाच समोरच्या भाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं.

आमच्याकडे पत्रिकेवर नवरा-नवरीपेक्षा भाऊबंदांना जागा जास्त लागते. काका, मामा, आत्या, त्यांचे जावई, साडू, गावातले मानाचे. एखादं नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येऊनही मांडवाबाहेर उभा राहतो, आणि पुढची वीस वर्षं ऐकवतो. पत्रिका मी छापत नव्हते. मजकूर जुळवायचा, तपासायला एक प्रत करकऱ्यावर काढायची, घरच्यांनी ती पास केली की शाईवाल्यावर एक स्वच्छ प्रत काढून द्यायची. तिच्यावरून बाजारातला स्क्रीन प्रिंटिंगवाला जाळी करायचा आणि कार्डं छापायचा.

भाऊ मजकूर घेऊन आले तेव्हा म्हणाले, “वहिनी, खाली एक ओळ मोकळी ठेवा. कोणाची ते मागून सांगतो.”

मी विचारलं नाही. पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ आणि नाना यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलेलं होतं. केळीला पाणी म्हणजे जीव, आणि पाळी चुकली म्हणजे जिवावरचं भांडण. भाऊ मळा तरीही नानांच्याच भरवशावर टाकून जळगावला पाइपच्या कारखान्यात लागले, पण दोघं एकमेकांच्या दारात गेले नव्हते. आता मुलीच्या लग्नात थोरल्याचं नाव घालायचं तर आधी त्याची कबुली हवी. न विचारता घातलं आणि त्यानं “माझं नाव कोणाला विचारून घातलं?” म्हटलं, तर ते न घातल्याहून वाईट.

एका सकाळी भाऊ आमच्या दारात उभे. एक गाल कोरा, दुसऱ्या गालावर साबण तसाच. ते दाढी करत असतानाच गावाहून आलेल्या कोणीतरी निरोप दिला होता.

“वहिनी, नाना हो म्हणाले! टाका नाव. मोठ्या अक्षरात टाका. सगळ्यांच्या खाली, एकटं. घरचा मोठा माणूस सगळ्यांना घेऊन उभा असतो ना, तसं.”

मोठ्या अक्षरात टाकायला खाली जागा कमी पडत होती. मी कागदाची खालची मोकळी पट्टी कमी केली, ओळ खाली बसवली. करकऱ्यावर प्रत काढली. नाव ठसठशीत आलं. भाऊंनी तिथेच वाचून पास केलं आणि उरलेली दाढी करायला गेले. मग मी डबी ‘बी’वर फिरवली, पडद्यावर शाईवाल्याचं नाव निवडलं. छापायला सांगितल्यावर कॉम्प्युटरनं इंग्रजीत काही विचारलं. मी ‘यस’ केलं. कागद बाहेर आला. वरून वाचला, देवांची नावं, तिथी, मुहूर्त, जेवणाची वेळ. खालचं आत्ताच तर पास झालं होतं. तो कागद गेला, कार्डं छापून आली, आणि भाऊंच्या घरात कोणालाही पुन्हा वाचायला उसंत नव्हती.

पहिली पत्रिका कुलदैवताला. दुसरी भाऊबंदांतल्या सगळ्यात थोरल्याला. भाऊंना स्वतःच जायचं होतं, पण त्याच दिवशी व्याह्यांचं बोलावणं आलं, म्हणून त्यांनी अक्षता-कुंकू लावून ती मेव्हण्याच्या हाती धाडली.

दोन-तीन दिवसांनी, ऐन उन्हाच्या वेळी, समोरच्या कुलपाकडे पाहत एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. पांढरा सदरा, टोपी, काखेत पिशवी. भाऊंचं सगळं घर बस्ता बांधायला बाजारात गेलेलं. मी त्यांना आमच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

“कोठी गेले हे?”

“बस्त्याला गेलेत. येतीलच. तुम्ही पाहुणे का?”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “पाहुना बी नही आता. पत्रिका परत देयाले आलो.”

पत्रिका परत करणं ही आमच्याकडे भांडणाच्या पुढची गोष्ट. भांडण मिटतं. उंबऱ्यावर ठेवलेली पत्रिका कोणी परत उचलत नाही.

त्यांनी खिशातून पत्रिका काढून माझ्यापुढे धरली. “तू वाच. त्याच्या साडूच्या जावयाचं नाव आहे. गावच्या पोलिसपाटलाचं आहे. नाव टाकू का म्हने, विचारून पाठोलं. मी हो म्हटलं. आन हे पाहय. हो म्हनून घेतलं आन वगयलं. इज्जत काढाची असीन त अशी काढा.”

मी खाली पाहिलं. जिथे नानांचं नाव असायला हवं तिथे गुळगुळीत, कोरी जागा होती. मला सगळं एकदम दिसलं. शाईवाल्यावर काढलेला तो कागद, मी न वाचलेली ती शेवटची ओळ, आणि त्याच्या मागोमाग नाशिकला चाललेला कॉम्प्युटर. लाज वाटते सांगायला, पण आधी मला कॉम्प्युटरच दिसला, दोन भावांचं तुटणं मागून. आणि इतक्या काळजीनं गिळलेली बोली त्या क्षणी तोंडातून बाहेर पडली.

“नाना, तुमनं नाव शे ना मझार! मी सोता लिखेल शे!”

त्यांनी पत्रिका खाली घेतली. “साक्रीकडची का तू?”

“हो.”

“लय दूर देली तुले.” मग जरा थांबून, “पन ‘शे’ म्हन्याने नाव पत्रिकेत येत नही पोरी.”

मी त्यांना आत बोलावलं. पडद्यावर पत्रिका उघडली. खाली ते नाव होतं, मोठ्या अक्षरात.

“हे तू आता टाकलं असशीन,” ते म्हणाले. खोटं का बोलू, त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मी करकऱ्यावर प्रत काढली. नाव आलं. डबी फिरवून शाईवाल्यावर काढली. इंग्रजी प्रश्न आला, मी ‘यस’ केलं, कागद आला. नाव नाही. नानांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे पाहिलं. मागेही नव्हतं. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले.

“पुन्हा काढ.”

पुन्हा तेच.

“आता अशी गोष्ट कर,” ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. “माह्यं नाव काढ तठून. त्याच जागी त्याचं टाक. नवरीच्या बापाचं.”

मी भाऊंचं नाव त्या जागी घातलं. शाईवाल्यानं कागद घेतला, कुरकुर करत वर-खाली केलं आणि बाहेर टाकला. सगळी नावं होती. तळाशी नवरीचा बाप नव्हता.

नाना असे हसले की टोपी सरकली. “बाप बी गेला!”

आतून सासूबाई ओरडल्या, “अहो पाहुणे, लग्नघरची पत्रिका आहे! काय बोलता हे?”

“चुकलो अक्का, चुकलो. बाप आहे. बाजारात आहे.”

हसू ओसरल्यावर मात्र ते त्या कागदाकडे पाहत बसले. मला तेवढीच जागा मिळाली. मी सांगितलं, तो निरोप आला तेव्हा भाऊ कसे आले, अर्ध्या दाढीनिशी, गालावरचा साबण वाळत चाललेला, आणि ‘सगळ्यांना घेऊन उभा’ म्हणून नाव खाली टाका म्हणाले ते. पत्रिका नानांनी मांडीवर ठेवली होती, तिच्यावर सांडलेले कुंकवाचे कण बोटानं टिपत राहिले.

मग त्यांनीच विचारलं, “हे मधी काय इचारते तुह्यं मशीन?”

“इंग्रजीत असतं. मला नाही कळत.”

“मंग तू काय सांगते?”

“हो सांगते.”

“काहाले?”

“हो म्हटलं की काम पुढे जातं, नाना.”

“न समजता?”

मी मान हलवली. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “एक डाव नही म्हनून पाहय.”

लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी हात मागे घेतला. “बिघडलं तर? दिरांचा आहे हा.”

“बिघडलं त माह्यावर टाक. सांग, रावेरकडचा एक म्हातारा आलता, त्यानं बिघडोला.”

मी ‘नो’ केलं.

काहीच झालं नाही. धूर आला नाही, पडदा काळा झाला नाही. प्रश्न पुसला गेला, शाईवाला गप्प राहिला, कागद जागच्या जागी. कॉम्प्युटर आपला थांबला, माझ्या पुढच्या सांगण्याची वाट पाहत.

“थांबलं पाहय,” नाना म्हणाले. “इचारत व्हतं बिचारं. खालचं कापू का म्हनून इचारत असीन. तू हो म्हनत व्हती.”

पुढे दिरांनी फोनवर सांगितलं की अगदी तेच विचारत होतं. शाईवाल्याला कागदाच्या तळाची दोनेक बोटं जागा धरायला लागते, तिथे त्याला छापता येत नाही. करकऱ्या कडेपर्यंत ठोकतो. मजकूर त्या जागेत गेला की कॉम्प्युटर आधी विचारतो, तरी छापू का? पण हे सगळं मागून. त्या दुपारी मला एवढंच कळलं की दोन प्रिंटर एकाच कागदाकडे निरनिराळ्या डोळ्यांनी बघतात. मी खालची पट्टी पुन्हा वाढवली, वरची नावं थोडी बारीक केली, ओळ वर घेतली आणि छापायला सांगितलं. या वेळी प्रश्नच आला नाही. कागद बाहेर आला, आणि तळाशी, थोडं वर, नाना उभे.

तेवढ्यात भाऊंचं घर परत आलं. रिक्षातून साड्यांचे गठ्ठे उतरत होते. भाऊंनी आमच्या दारात नानांना पाहिलं, त्यांच्या हातातली पत्रिका पाहिली, आणि गठ्ठा तिथेच खाली ठेवला. नानांनीच सुरुवात केली.

“का रे, अर्धी दाढी ठेवून पळाला व्हता म्हने?”

भाऊंना काही उमजेना. नानांनी दोन्ही प्रिंटरचे कागद त्यांच्या हातात दिले, एकावर नाव, एकावर नाही. “तू टाकलं व्हतं. या मुक्यानं खाल्लं.” भाऊंनी वाचलं, पत्रिका उघडून तळ पाहिला, आणि नानांच्या पायाशी वाकले. नानांनी दंडाला धरून वर घेतलं. दोघंही काही बोलले नाहीत. न बोलण्यात त्यांची वर्षं गेली होती, पण हे न बोलणं तसलं नव्हतं.

नवरीच्या आईचा जीव मात्र खालीवर झाला होता, आणि राग माझ्यावर निघाला. “तरी मी म्हणत होते, प्रेसमध्ये द्या. आठवी शिकलेल्या बाईकडे कोणी पत्रिका देतं का? उद्या नवरीचंच नाव गाळलं असतं म्हणजे?”

मी खाली पाहत उभी. खरं तर मला वाटत होतं की त्या म्हणतात ते बरोबरच आहे. आमचे हेही तेवढ्यात मिलवरून आले होते, सायकल धरून दारात उभे होते, सगळं ऐकत.

नाना म्हणाले, “वहिनीबाई, मी चौथी आहे. माह्यं नाव पत्रिकेत चालते का?”

त्यांनी नजर साड्यांच्या गठ्ठ्यांकडे वळवली.

“कागद पास कोनं केला? तुमच्या घरानं. कार्डं आल्यावर वाचली कोनं? कोन्हीच नही. मी आलो तं या पोरीनं दार लावलं नही, मशीन उघडून दाखोलं. हे आठवीत शिकोत नहीत.” मग माझ्या यजमानांकडे वळून म्हणाले, “तुमची का मंडळी? कामाची आहे. आमच्या गावच्या दोन केळी ग्रुपचं काम मी हिच्याकडेच पाठोतो. मशीन हालवू नका इथून.”

मशीन हलवायची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. सासूबाईंनीच, चहा देताना, काहीतरी पुटपुटलं असावं. हे फक्त “बरं” म्हणाले. एका शब्दात इतकं मावतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

कार्डांना फार काही झालं नाही. स्क्रीनवाल्यानं नव्या कागदावरून फक्त त्या एका ओळीची जाळी केली आणि उरलेल्या कार्डांवर ती वेगळी मारली. जरा तिरकी बसली. नानांनी आपली स्वतःची पत्रिका मात्र दिली नाही. आमच्याच टेबलावरचं पेन घेऊन, जीभ दातात धरून, कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं आणि ती परत खिशात घातली. लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहून एकेकाला हात धरून आत घेत होते.

आखाजीला मी माहेरी गेले. ट्रकचा विषय कोणी काढला नाही. धुळ्याच्या स्टँडवर पिशवीवर बसले होते, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपण लांब चाललो आहोत ते जळगावपासून. हा विचार नीट कळायला मला अजून वेळ लागेल, पण तो आला होता एवढं नोंदवते.

कॉम्प्युटर अजून इंग्रजीत विचारतो. आता मी थांबते. डिक्शनरी जवळ असते. न समजलं तर ‘नो’ करते आणि पुन्हा बघते. माणसांच्या बाबतीत इतकं जमलेलं नाही. सासूबाईंना, यांना, गल्लीतल्या बायकांना माझ्या तोंडून ‘हो’च आधी निघतं. पण कधीकधी निघण्याआधी जिभेवर क्षणभर थांबतं. परवा एकानं बिलावर मागची तारीख टाकून द्या म्हटलं, तर मी नाही म्हणाले, आणि मशीनसारखीच गप्प बसून राहिले. तोही कागद उचलून गेला.

नानांना हे सगळं मी कधी सांगितलं नाही. लग्नात एकदा “तुमचे उपकार” म्हणायला गेले तर म्हणाले, “जाय, जेवून घे, वांग्याची भाजी संपून जाईन.” मध्यंतरी ते पट्ट्यांचा मजकूर घेऊन आले तेव्हा ओट्यावर बसून सांगत होते की त्यांची नातसून दहावीतूनच शाळा सोडून आलेली आहे, दिवसभर कोणाशी बोलत नाही, विचारलं की मान हलवते. मला म्हणाले नाहीत की तू शिकव. ते तसं म्हणणारच नाहीत. नुसतं सांगितलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

ती आता बाळंतपणाला माहेरी आहे. ती परत आली, बाळ जरा मोठं झालं, की मी तिला माझ्याकडे घेऊन येईन, नाहीतर मीच रावेरच्या गाडीत बसेन. मला जे येतं ते सगळं तिला शिकवीन, टायपिंगपासून दोन प्रिंटर एका मशीनला लावण्यापर्यंत. तिनं काही विचारलं आणि मला येत नसलं तर येत नाही म्हणेन. नाना, तुम्ही हे वाचणार नाही, तुमचे डोळे आता बारीक अक्षराला चालत नाहीत. म्हणून कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवावं असं मोठ्यानं लिहून ठेवते: तुमचं देणं माझ्यावर आहे, आणि ते मी फेडीन.